दंड भरून पाया खोल होत नाही

मराठवाड्यातला माझा आतेभाऊ सध्या गुंठेवारीच्या, म्हणजे विनापरवाना गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीवरच्या घराच्या, फायलीमागे आहे. 2001चा कायदा 2021मध्ये दुरुस्त झाला आणि 31 डिसेंबर 2020पर्यंतच्या गुंठेवारीतल्या घरांना नियमित होण्याची वाट मोकळी झाली. फोनवर त्याच्या तक्रारी दोनच: शुल्क फार आणि हेलपाटे फार. तिकडचा सगळा वादही एवढ्यातच अडकलाय. 'तुमचं बरंय, सगळं ऑनलाइन,' हे वर ऐकवतो.

ऑनलाइन आहेच. इंग्लंडमध्ये घरामागे खोली वाढवायची तर आधी नकाशे मंजूर करून न घेताही, नुसती 'बिल्डिंग नोटीस' देऊन काम सुरू करता येतं. (प्लॅनिंगची परवानगी हे प्रकरण वेगळं, बऱ्याच लहान कामांना ती लागतच नाही.) खरी परीक्षा चर खणल्यावर. लंडनच्या उपनगरातल्या आमच्या घरी बिल्डिंग कंट्रोलचा, म्हणजे बांधकाम तपासणाऱ्या यंत्रणेचा, इन्स्पेक्टर आला, चरात सळई खुपसून पाहिली आणि मग शेजाऱ्यांच्या ओककडे बघत राहिला. इथली चिकणमाती उन्हाळ्यात आकसते, झाडाची मुळं तिला आणखी सुकवतात. 'अजून अर्धा मीटर,' म्हणाला. काँक्रीटची गाडी दुसऱ्या दिवशीची ठरली होती, ती रद्द. ठेकेदाराने हूं की चूं केलं नाही, कारण शेवटी पूर्णत्वाचा दाखला मिळाला नाही तर घर विकताना खरेदीदाराचा वकील अडून बसतो.

चोरून बांधणारे इथेही आहेत आणि त्यांना नियमित करायची सोयही आहे. फी भरावी लागतेच, पण तुळई दिसावी म्हणून छत उघडायला, पाया दिसावा म्हणून खड्डा घ्यायलाही सांगू शकतात.

आरती ओवाळावी असं मात्र काही नाही. 2017मध्ये लंडनचा ग्रेनफेल टॉवर जळून 72 माणसं गेली. ज्वालाग्राही आवरण चढवलेल्या त्या नूतनीकरणाला बिल्डिंग कंट्रोलचा दाखला मिळालेला होता. कागद इथेही खोटा ठरतो. त्यानंतर 2022चा नवा कायदा आला, इन्स्पेक्टरांना नोंदणी सक्तीची झाली.

आपल्याकडे 2013मध्ये मुंब्र्याजवळ अनधिकृत इमारत कोसळून 74 जण गेले. तरी आतेभावाच्या फायलीत खरेदीखत आहे, नकाशा आहे, फोटो आहेत. स्लॅबमध्ये सळई किती जाडीची, हे त्याला अजून कुणी विचारलेलं नाही. शुल्क कमी करा, ही मागणी मला पटते. पण घेतलेल्या पैशांत निदान एक अभियंता कॉलम बघायला पाठवा, अशी मागणी मी तरी ऐकलेली नाही. आतेभावालाही ती नको आहे. दुसरा मजला त्याने नंतर चढवलाय.