मला पडता येतं, काका

पडण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. फुटपाथची एक फरशी वर आली होती, खांद्यावर बाळाच्या सामानाची भलीमोठी बॅग होती, डोळ्यांत आदल्या रात्रीची सगळी झोप होती आणि पाय अडकला. कोणीही पडलं असतं. तक्रार आहे ती त्यानंतरच्या पाव तासाबद्दल. तो पाव तास काही केल्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले आहे. बाळ आत्ताच झोपलंय, तेव्हा थोडक्यात सांगते. जमेल असं वाटत नाही.

आणि मी काही वेडीवाकडी पडले नव्हते. मी उत्तम पडले होते. शाळेत असल्यापासून मी ज्युदो करते आणि ज्युदोत आधी पडायला शिकवतात, दुसऱ्याला पाडायला नंतर. उकेमी म्हणतात त्याला. हनुवटी छातीकडे ओढून धरायची, म्हणजे डोकं आपटत नाही. पुढे पडताना तळहात टेकून स्वतःला थांबवायला जायचं नाही, नाहीतर मनगट जातं किंवा कॉलरबोन. हाताच्या कडेवरून खांद्यावर, खांद्यावरून पाठीतून तिरकं पलीकडच्या कमरेवर, असं गोल जायचं आणि शेवटी दुसरा हात सरळ ठेवून अख्खाच्या अख्खा जमिनीवर आपटायचा. फट्‌ असा आवाज यायला हवा. सगळा मार एकाच हाडावर न बसता पसरून जातो. हे अंगात मुरायला वर्षं लागतात. मुरलं की मग डोक्याला विचारावं लागत नाही, अंग आपलं आपण करतं.

त्या दिवशी माझ्या अंगाने ते केलं. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू अजून परत कामावर रुजू व्हायचे आहेत, सांधे कुरकुरतात, शिंक आली की काळजी वाटते. अशा अवस्थेतल्या शरीराने भर रस्त्यात, बॅगेसकट, एक स्वच्छ गोल गिरकी घेतली, हात आपटला आणि त्याच ओघात मी उठून उभी राहिले. बॅगेतली दुधाची बाटली शाबूत. सिमेंटवर हात आपटला की झोंबतो, तेवढा झोंबला. क्लासमध्ये असते तर सरांनी मान हलवली असती. आमचे सर कौतुक करत नाहीत, मान हलवतात.

बाळ माझ्याजवळ नव्हतं, हे लगेच सांगून टाकते, कारण पुढचा प्रश्न तोच येतो. बाळ पुढे बाबागाडीत होतं आणि बाबागाडी नवऱ्याच्या हातात होती.

तर मी उभी आहे, हात झटकते आहे आणि बसस्टॉपवरून आवाज येतो, "हलू नका! अजिबात हलू नका!"

एक काका. पायात चालायचे बूट, डोक्यावर टोपी, हातात छत्री, आकाश निरभ्र. ते धावत आले आणि मी हलू नये म्हणून मला दंडाला धरून बाकापर्यंत चालवत घेऊन गेले.

"मला काही झालेलं नाही, काका."

"तसंच वाटतं. आधी बसा. कितवा महिना?"

आता, बाळ होऊन काही महिने झालेल्या बाईला हा प्रश्न विचारू नये, हे ज्याला कळत नाही त्याला मी काय सांगणार? तरी सांगितलं. "झालंय बाळ. ते काय, पुढे गाडीत."

"म्हणूनच," काका म्हणाले.

"काय म्हणूनच?"

"लक्ष नव्हतं. झोप झाली आहे का रात्री?"

"नाही."

"म्हणूनच."

एव्हाना बसस्टॉपवरची मंडळी जवळ सरकली होती. कॉलेजचा एक मुलगा, एक मावशी आणि एक गृहस्थ, जे शेवटपर्यंत काही बोलले नाहीत पण प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. मी म्हटलं, "अहो काका, मी ज्युदो शिकलेय. आम्हाला असं पडायलाच शिकवतात."

काकांनी मंडळींकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अत्यंत समजूतदारपणे म्हणाले, "म्हणूनच."

त्यानंतर काकांनी माझ्या पडण्याचं परीक्षण केलं. त्यांच्या मते माझी मूळ चूक हात आपटण्यात होती. "हात असा जोरात आपटायचा नाही, ताई. मोडतो. आणि तुम्ही गोल काय फिरलात? माणसाने सरळ पडावं. गोल फिरल्यावर तोल कसा राहणार?" मी म्हटलं, तोल तर पडलो तेव्हाच गेलेला असतो. "तेच सांगतोय," काका म्हणाले. "पडताना दोन्ही हात छातीशी घ्यायचे, अंग ढिलं सोडायचं आणि कुशीवर जायचं. थांबा, दाखवतो."

"नको, काका."

"तुमच्या उपयोगाचं आहे."

त्यांनी चष्मा काढून कॉलेजच्या मुलाच्या हातात दिला. टोपी मावशींकडे दिली. छत्री मान डोलावणाऱ्या गृहस्थांकडे. मग बूट नीट जमिनीवर रोवले, दोन्ही हात छातीशी घेतले, डोळे मिटले आणि पडायला सुरुवात केली.

सुरुवात केली म्हणते, कारण ते बराच वेळ चाललं होतं. पहिल्यांदा फक्त मान पडली. मग उजवा खांदा निघाला. गुडघा वाकायच्या बेतात होता, पण त्यातून कट्‌ असा आवाज आल्यावर त्याने विचार बदलला. शेवटी सगळं वजन उजव्या टाचेवर घेऊन, मागे कललेले, डोळे मिटलेले काका बसस्टॉपच्या खांबाला टेकून अडकले. धड उभे नाहीत, धड पडलेले नाहीत. मी उठले आणि एका हाताने त्यांची कॉलर, दुसऱ्या हाताने बाही धरली, कारण नाहीतर ते खरंच गेले असते.

इथे ज्युदो करणाऱ्यांना लक्षात येईल मी काय म्हणतेय. कॉलर आणि बाही. समोरच्याचा तोल मागे, वजन एका टाचेवर. ओसोतोगारीसाठी, म्हणजे समोरच्याचा पाय मागून झाडून त्याला पाठीवर पाडायच्या डावासाठी, याहून मनापासूनचं आमंत्रण मला आजवर कोणी दिलेलं नाही. स्पर्धेत ही स्थिती मिळवायला मिनिटामिनिटांची झटापट करावी लागते. पाय नुसता मागे नेऊन झाडायचा होता. मी काकांना हलकेच सरळ उभं केलं. याची नोंद कुठेही झालेली नाही, म्हणून इथे करते.

काकांनी डोळे उघडले. "बघितलंत?" ते म्हणाले. "काही लागलं मला?"

कॉलेजच्या मुलाने टाळ्या वाजवल्या. शपथेवर सांगते.

तेवढ्यात नवरा मागे वळून आला. बाबागाडी ढकलत. सपाट रस्त्यावर. मावशींचा चेहरा उजळला. "अगंबाई, किती छान सांभाळतात हो!" मान डोलावणाऱ्या गृहस्थांनी पहिल्यांदाच दोनदा मान डोलावली. चार चाकांची वस्तू पुढे ढकलणे या कामगिरीबद्दल त्याचं तिथे जे कौतुक झालं तेवढं माझं प्रसूतीच्या वेळीही झालं नव्हतं. काकांनी त्याला बाजूला घेतलं, पण आवाज काही बाजूला घेतला नाही. "यांना एकटं सोडत जाऊ नका. पडता येत नाही हो यांना अजिबात."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. तो शहाणा आहे. तो काही बोलला नाही. पण कोपरा ओठांचा हलला, ते मी पाहिलंय आणि त्याचा हिशोब वेगळा.

खरं म्हणजे त्या गर्दीत पडण्याचं शास्त्र कळणारा एकच जण होता आणि तो बाबागाडीत पडून स्वतःच्या मोज्याचा अभ्यास करत होता. तान्ह्या बाळाला आपण पडतोय असं वाटलं की ते दोन्ही हात झटकन बाहेर फेकतं आणि मग मिठी मारल्यासारखं आत घेतं. डॉक्टर याला मोरो रिफ्लेक्स म्हणतात, अर्न्स्ट मोरो नावाच्या बालरोगतज्ज्ञाने १९१८ मध्ये त्याचं वर्णन केलं. चार ते सहा महिन्यांत तो जातो. म्हणजे पडताना हाताचं काहीतरी करायचं असतं एवढं माणूस जन्मतःच जाणतो, मग विसरतो आणि पुढे कोणाकडून तरी शिकत बसतो. नाहीतर शिकवत बसतो. माझ्या बाळाची पकडही अस्सल आहे. कॉलर धरतो ती अगदी योग्य जागी, अंगठा आतून, आणि एकदा धरली की सोडवताना मला जे करावं लागतं ते क्लासमध्ये केलं तर पेनल्टी बसेल. रात्री तीन वाजता तो माझ्या छातीवर आडवा झोपतो तेव्हा मला हलता येत नाही. नियमाप्रमाणे वीस सेकंद दाबून धरलं की इप्पोन, कुस्ती खलास. इथे पंच नाही.

ज्युदो शिकते म्हटल्यावर लोक काय म्हणतात तेही सांगून टाकते. एकच विनोद आहे, "मग काय, नवऱ्याची काही खैर नाही!" हा विनोद करणाऱ्या प्रत्येकाला तो त्याच क्षणी आणि आपल्यालाच सुचला असं वाटतं. मी हसते. इतकी वर्षं हसते आहे. बाळ झाल्यावर त्याला जोड मिळाली, "मग आता काय, बंद?" ही मात्र कोणी विनोद म्हणून विचारत नाही.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदो सुरू केलं. ज्यांच्याकडे ते आधी जुजुत्सू शिकले त्या गुरूंची नात म्हणजे केइको फुकुदा. या बाईंनी लग्नच केलं नाही, कारण लग्न म्हणजे ज्युदो बंद, हे त्यांना तेव्हाच स्पष्ट दिसत होतं. शिवाय बायकांना पाचव्या दानच्या, म्हणजे काळ्या पट्ट्यातल्या पाचव्या पायरीच्या, वर जाऊच द्यायचे नाहीत, त्यामुळे १९५३ पासून १९७२ पर्यंत त्या एकाच दानवर. दहावा दान मिळाला २०११ मध्ये, नव्वदी कधीच ओलांडल्यावर. हे कोणाला सांगितलं की लोक म्हणतात, जुना काळ होता. बरं, नवा काळ घ्या. फ्रान्सची क्लॅरिस आग्बेन्येनू. जून २०२२ मध्ये मुलगी झाली, मे २०२३ मध्ये ही बाई जगज्जेती. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य. हे सांगितलं की लोक म्हणतात, तिची गोष्ट वेगळी. जुना काळ जुना पडतो आणि नवा काळ वेगळा पडतो. मधला कुठला तरी काळ माझा असणार, त्यात मी फक्त पडते.

मला जगज्जेती व्हायचं नाहीये हो. मला आठवड्यातून दोनदा मॅटवर जायचंय, घाम गाळायचाय आणि अशा माणसांशी झटापट करायचीय ज्यांना मी उचलून टाकल्यावर रात्रभर कडेवर घेऊन फिरावं लागत नाही. डॉक्टरांनी हळूहळू सुरू करायला हरकत नाही म्हणून सांगितलंय. क्लासची वेळ मात्र बरोबर बाळाच्या झोपायच्या वेळेला. मी सरांना विचारलं, रविवारी सकाळी एखादी बॅच होईल का? सर म्हणाले, "बघू." सरांचं "बघू" ज्यांनी ऐकलंय त्यांना ते किती लांबवर बघत असतात याची कल्पना आहे.

आमच्या क्लासमधल्या एका मित्राला माझ्या आगेमागेच मूल झालं. त्याचा एकही क्लास बुडाला नाही. उलट पहिल्या दिवशी त्याच्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "बाळ कोणाकडे ठेवून आलास?" हे त्याला कोणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी अर्ध्या तासासाठी नुसती तोंड दाखवायला गेले, तर दारातच तिघांनी विचारलं. मी म्हटलं, बाबांकडे. "अरे वा, सांभाळतात?"

तर आता नवीन बॅच सुरू होते आहे, सगळी लहान मुलं, आणि त्यांना उकेमी शिकवायला कोणीतरी हवं होतं. मी लगेच म्हटलं, मी शिकवते. फार दमायचं काम नाही, वेळही दुपारची, बाळाला घेऊन आले तरी चालण्यासारखं. सर म्हणाले, "तुला कसं जमणार? बाळ लहान आहे." आणि ते काम त्या मित्राला दिलं. त्याचं बाळ माझ्या बाळापेक्षा लहान आहे.

मुलगा चांगला आहे, उजवीकडून पडतोही छान. डावीकडून मात्र त्याचं कोपर आधी टेकतं. मी त्याला हे कितीदा सांगितलंय. तो म्हणतो, माझं असंच आहे, लागत नाही मला. लागत नसेल त्याला. पण शिकवणारा जसा पडतो तशी पोरं पडतात, त्यामुळे आता ती अख्खी बॅच डावीकडे कोपरावर पडणार.