“मोठा आवाज जीव वाचवतो” म्हणणाऱ्या बुलेटवाल्यांना उत्तर

कोकणातल्या बुलेटवाल्यांच्या फोनवर एक मजकूर सारखा फिरतोय. थोडक्यात असा: “घाटात मोठ्या आवाजाची गाडी सुरक्षित, समोरच्याला आधीच कळतं. सायलेन्सरमध्ये जाळी घातली की पॉवर मरते, इंजिन तापतं. खाऱ्या हवेत कंपनीचा सायलेन्सर आतून सडतो, त्यापेक्षा मोकळा पाईप बरा. आवाजाचा नियम कंपनीला आहे, आपल्याला नाही. आणि शिमग्याला ढोल चालतात, मग बुलेटच का खुपते?”

मी मॉडिफाय केलेली बुलेट चालवतो आणि दापोली-गुहागर पट्ट्यातच राहतो. या मजकुरातला एक मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचे टिकत नाहीत.

जीव वाचवण्याचं आधी बघू. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातले ९००हून अधिक मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले, त्यांचा अहवाल १९८१ साली आला. चालकापुढे उभा राहिलेला धोका तीन चतुर्थांशाहून जास्त अपघातांत समोरच होता, सरळ रेषेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांच्या आत. आपला पाईप मात्र मागे तोंड करून आहे. समोरून येणाऱ्या एसटीच्या चालकाच्या कानात त्याच्याच इंजिनाची घरघर असते, कारवाल्याच्या काचा वर आणि एसी चालू. वळणापलीकडे आवाज पोचतो हे मान्य, पण कुंभार्ली घाटात तो कड्यावर आपटून असा घुमतो की गाडी वरून येतेय की खालून, हेच उमगत नाही. वळणाआधी दिलेला हॉर्न पुढे जातो. हेडलाइट दिसतो. आपली डावी बाजू न सोडणं तर या दोन्हींपेक्षा मोठं. आणि रस्त्यात बसलेल्या गुरांजवळ पाईपने फटाका फोडला, की ती बिथरून कुठल्या बाजूला उठतील याचा भरवसा नाही. याला सुरक्षितता म्हणायचं?

आता पॉवर. “इंजिनाला बॅकप्रेशर (सायलेन्सरमध्ये अडलेल्या वायूचा उलटा दाब) लागतं” म्हणणारे आणि “बॅकप्रेशर म्हणजे पॉवरचा काळ” म्हणणारे, दोघेही आपापल्या परीने एकच गोष्ट विसरतात. प्रत्येक ठोक्याला जळलेल्या वायूची एक लाट इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या बेंड पाईपमधून धावते. बेंडचा व्यास आणि लांबी बरोबर असेल तर ती लाट मागच्या वायूलाही ओढून बाहेर काढते. खरा फरक तिथे पडतो. मधून छिद्रांची सरळ नळी, भोवती ग्लास वूल, अशा बांधणीचा सायलेन्सर वायूची वाट फारशी अडवतच नाही. वायू नळीतून सरळ जातो आणि आवाज छिद्रांतून वूलमध्ये जिरतो.

मग “जाळी घातली आणि पिकअप गेला” ही तक्रार येते कुठून? मोकळा पाईप बसवताना मेकॅनिकने कार्बोरेटरमधला मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक छिद्राचा तुकडा, मोठा केलेला असतो. पुढे बंद सायलेन्सर बसवला जातो, जेट मात्र तसाच राहतो. पेट्रोल जास्त पडतं, प्लग काळा होतो, गाडी दबते आणि बोल सायलेन्सरला लागतो. जेट मूळ मापाचा करा, थोडं चालवून प्लग काढून बघा. विटकरी दिसला की झालं. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी.

इंजिन तापण्याचं तर नेमकं उलटं आहे. जेट न बदलता मोकळा पाईप लावला की मिश्रणात हवा जास्त होते, आणि अशा मिश्रणावर हवेवर थंड होणारं इंजिन जास्तच तापतं. थ्रॉटल सोडल्यावर जे फटाके अभिमानाने फोडले जातात, ते न जळलेलं पेट्रोल पाईपमध्ये पेटल्याचे असतात. पुष्कळदा त्यामागे बेंडच्या तोंडाचं गळकं गॅस्केटही असतं. एका गॅस्केटचं काम, आणि पोरं त्याला गाडीचा रुबाब समजतात!

गंजाचा मुद्दा मी मानतो, अर्धा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. लांब पल्ल्यावर ते वाफ होऊन निघून जातं. पण घरून बाजारात आणि बाजारातून घरी एवढीच गाडी फिरली तर सायलेन्सर नीट तापतच नाही, पाणी आत साचतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस आहेच. पण पत्रा मोकळ्या पाईपचाही सडतो, त्यामुळे तो काही उपाय झाला नाही. गाडी नुसती दोन मिनिटं चालू करून बंद करू नका. सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या जागी पाणी निघायला बारीक छिद्र असतं, ते चिखलाने बुजू देऊ नका, नसेल तर पाडून घ्या. नवा करून घेणार असाल तर ३०४ ग्रेडचं स्टेनलेस घ्या. महाग पडतं, पण समुद्राकाठी ते पैसे वसूल होतात.

नियम कंपनीपुरताच, हे साफ खोटं. १७५ सीसीवरच्या मोटरसायकलला कारखान्यातून बाहेर पडताना ८० डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती ७.५ मीटरवर माइक ठेवून मोजतात. पण मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला लागतं. आवाजाच्या मानकांचा भंग झाला तर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने रद्द.

ढोलाचं म्हणाल तर शिमगा वर्षातून एकदा येतो, गावच्या संमतीने आणि गावच्याच अंगणात. सागरी महामार्गावरच्या गावांतून बुलेट रोज जाते, घरं रस्त्याला खेटून, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, आवाजाला पळायला जागाच नाही. त्या घरांत आजारी माणसं असतात, दहावीची पोरं असतात, रात्री बोटीवरून परतून दुपारी झोपलेले खलाशी असतात. डीजेचा त्रास मलाही होतो आणि त्याच्याविरुद्धही बोलायलाच हवं. त्याने बुलेट माफ होत नाही.

बुलेटवर माझंही प्रेम आहे, म्हणून ठोक्याबद्दल सांगतो. मिनिटाला ९०० फेऱ्यांवर हे इंजिन सेकंदाला साडेसात ठोके देतं. त्या ठोक्यांमधलं अंतर कानाला ओळखीचं असतं, आणि ते कुठलाच सायलेन्सर बदलत नाही. कमी होतो तो कर्कशपणा. दहा डेसिबल उतरले की ध्वनीची ऊर्जा दहावा हिस्सा राहते, कानाला आवाज सुमारे निम्मा वाटतो.

काम करायचं तर या क्रमाने करा. आधी बेंडचं गॅस्केट बदला. मग कंपनीचा सायलेन्सर माळ्यावर पडला असेल तर तोच लावा, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला उपाय तो आहे. बॉबर किंवा कॅफे रेसर धाटणीत बदललेल्या गाडीवर तो शोभत नसेल तर लांब, पोटाला जाड सायलेन्सर घ्या. ग्लास वूल फक्त कर्कश पट्टी शोषते, खालच्या धडधडीला कप्पे लागतात, म्हणून आत निदान एक कप्पा हवाच. टोकाला नुसता डीबी किलर (आवाज दाबणारी छोटी नळी) खुपसून भागत नाही. वूल काही काळाने जळून उडून जाते, तेव्हा टोपण वेल्डिंगने बंद न करता बोल्टने लावून घ्या, म्हणजे पुन्हा भरता येईल. शेवटी जेट मूळ मापाचा करून प्लग बघा. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचं प्रमाण बदलणारा ट्यूनिंगचा डबा लावला असेल तर तोही काढा, आणि नव्या बीएस-६ गाडीचा धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून विकला असेल तर तो परत बसवल्याशिवाय बाकी कामाला हात घालू नका.