पास आहे, जागा नाही

बत्तीस वर्षं मी डोंबिवली ते व्हीटी पासावर गेलो. मध्ये स्टेशनाचं नाव बदललं, पण जीभ आणि पास दोन्ही जुनेच राहिले. त्यामुळे पास म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये, अशी माझी समजूत होती. पास म्हणजे शर्टाच्या वरच्या खिशात, प्लॅस्टिकच्या पाकिटात, एका बाजूला गणपती आणि दुसऱ्या बाजूला तो. टीसीने नुसतं पाहिलं की हात खिशाकडे जातो, तोंडातून "पास" एवढा एकच शब्द निघतो आणि टीसी पुढे सरकतो. निम्म्या वेळा तर दाखवावाही लागत नाही.

म्हणून निवृत्तीनंतर म्युनिकला मुलाकडे जायचं ठरलं आणि तो फोनवर म्हणाला, "बाबा, तुमच्यासाठी युरोपच्या रेल्वेचा पास काढतो, एक पास आणि ३३ देश," तेव्हा मी हिला सांगितलं, "अगं, गाड्यांचं तू माझ्यावर सोड."

तिने सोडलं. यात थोडी चूक तिचीही आहे.

पहिला धडा नावाचा. मुलगा तिथला रहिवासी, म्हणून त्याने काढायचा तो इंटररेल. आम्ही बाहेरचे, म्हणून आमचा युरेल. गाड्या त्याच, डबे तेच. फरक असा की तो जिथे राहतो त्या देशात त्याचा पास एकदा बाहेर पडायला आणि एकदा परत यायला, एवढाच चालतो. आम्हाला मात्र अख्खी जर्मनी मोकळी. घरच्याला पिठलं आणि पाहुण्याला श्रीखंड ही रीत तिथेही आहे तर! शिवाय साठी उलटल्याबद्दल दहा टक्के सूट. आपल्याकडे ज्येष्ठांची रेल्वे सवलत २०२० च्या मार्चात गेली ती गेलीच, त्यामुळे आपल्या पांढऱ्या केसांना कुठेतरी भाव आहे हे कळून मी उगाचच आरशासमोर जाऊन आलो.

दुसरा धडा दिवसांचा. आमचा पास 'महिन्याभरात कुठलेही सात दिवस' असा होता. दिवस मध्यरात्री सुरू होतो आणि पुढच्या मध्यरात्री संपतो, तेवढ्या वेळात वाटेल तितक्या गाड्यांत चढा. रात्रीची गाडी असेल तर निघाल्याची तारीख धरायची, पोचल्याची नाही. पण मध्यरात्रीनंतर गाडी बदललीत की दुसरा दिवस लागला. मुलाने हे तीनदा समजावलं आणि मी तिन्ही वेळा वेगळा प्रश्न विचारला. ही मात्र शेंगा सोलता सोलता म्हणाली, "त्यात काय एवढं? उदयतिथी धरतो ना आपण, तसं. इथे अस्ताची नाही, सुटण्याची धरायची." स्मार्त एकादशी आणि भागवत एकादशी यांतला फरक जिला पस्तीस वर्षं तोंडपाठ आहे, तिच्यापुढे युरोपची रेल्वे म्हणजे काय!

तिसरा धडा मी स्वतःच घेतला आणि त्याबद्दल घरात अजून बोलत नाहीत.

मोबाइलमधला पास आपल्या पासासारखा खिशात नुसता पडून राहत नाही. आधी त्याला जागं करायचं. मग गाडी शोधायची, ती 'सहली'त घालायची, मग ती सहल पासाला जोडायची, मग त्या दिवसाचा खटका चालू करायचा, तेव्हा कुठे तो चौकोनी कोड उगवतो. सत्यनारायणाला इतकी मांडामांड लागत नाही. मुलगा ऑफिसला गेला होता. मी म्हटलं, रंगीत तालीम करून बघू. मुलाचं घर ओस्टबानहोफजवळ. तिथून मारिएनप्लात्स तिसरं स्टेशन, एस-बान म्हणजे आपली लोकलच आणि तिच्यात हा पास चालतो. (भुयारातल्या यू-बानमध्ये चालत नाही. का, ते विचारू नका.) सगळे विधी केले, कोड उगवला, आम्ही गेलो. स्टेशनात शिरायला ना फाटक ना यंत्र. गाडीत मी दारापाशी मोबाइल असा काही धरून उभा होतो की आंधळ्यालाही दिसावा. कुणी विचारलं नाही. परततानाही नाही.

संध्याकाळी मुलाने मोबाइल पाहिला आणि मटकन खाली बसला. "बाबा, तुम्ही प्रवासाचा एक अख्खा दिवस वापरलात? तीन स्टेशनांसाठी? एवढ्यात तुम्ही व्हेनिसला गेला असता!"

"पण चालला ना पास?" मी म्हणालो.

"टीसीने बघितला?"

खरी बोच तीच होती. सातातले सहा उरले.

मग पॅरिस. हिला आयफेल टॉवर बघायचा होता. बाकी युरोपबद्दल तिची काही मागणी नव्हती. इथे चौथा धडा मिळाला: पास म्हणजे गाडीत चढायचा हक्क, बसायचा नव्हे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधल्या बहुतेक गाड्यांत नुसता पास पुरतो, पण फ्रान्स-स्पेनच्या वेगवान गाड्यांना पास असूनही जागेचं आरक्षण वेगळं, त्याचे पैसे वेगळे आणि पासवाल्यांसाठी ठेवलेल्या जागा मोजक्या. आम्हाला हव्या त्या दिवशी त्या संपल्या होत्या.

"म्हणजे कोटा संपला!" मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. "मग तात्काळ बघ. नाहीतर एखाद्या आमदाराचं पत्र…"

मुलगा गप्प राहिला. ही "हं" म्हणाली. तिच्या या "हं"चं भाषांतर जगातल्या कुठल्याही ॲपला जमणार नाही.

शेवटी ठरलं की जिथे आरक्षण मागत नाहीत अशाच गाड्या पकडत स्वित्झर्लंडमार्गे मिलानला जायचं. म्युनिकची गाडी सुटायलाच चाळीस मिनिटं उशीर झाला. फलाटावरचे जर्मन लोक ज्या शांतपणे पाटीकडे बघत होते, ते पाहून या देशाच्या वक्तशीरपणाबद्दल आपल्याकडे जे ऐकवतात ते नेमकं कोणी सुरू केलं असा प्रश्न पडला. गाडी लिंडाऊवरून ऑस्ट्रियातल्या ब्रेगेंझला जाते आणि लगेच स्वित्झर्लंडात शिरते. एवढ्याशा अंतरात मोबाइल कंपनीने माझं दोनदा स्वागत केलं. नेरळहून कर्जतला जाईपर्यंत देश बदलावा, असा प्रकार.

झ्युरिकला पुढची गाडी अर्थातच गेली होती. पासाची थोरवी इथे कळली: ठरावीक गाडीचं तिकीट नाही, मग गाडी चुकलीच कशी? अर्ध्या तासाने दुसरी. फक्त चढायच्या आत मोबाइलमधली जुनी गाडी काढून नवी घालायची. एका हातात बॅग, चष्मा कपाळावर, दावं धरून नेल्यासारखी ओढणारी ही, आणि मी एका बोटाने गाडी शोधतोय. गाडीत चढल्यावर बोट थांबलं, तेव्हा मोबाइलमध्ये मी आम्हा दोघांना उलट्या दिशेच्या गाडीत बसवलं होतं. तेही निस्तरलं आणि मुक्कामाला कूरला पोचलो.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट मात्र निवांत सांगायची आहे. कूर ते इटलीतलं तिरानो या डोंगरातल्या रेल्वेमार्गाचा थुसिसपासूनचा भाग २००८ साली जागतिक वारशात गेला. मोठमोठ्या काचांची एक खास पर्यटकांची गाडी तिथून जाते. आरक्षण, वेगळे पैसे, सगळं आलंच. पण त्याच रुळांवरून, त्याच पुलांवरून एक साधी गाडीही जाते, गावोगाव थांबत. लोकलच म्हणा ना! तिला नुसता पास पुरतो. सेंट मॉरिट्झला गाडी बदलली आणि आमच्या डब्याची खिडकी चक्क उघडली. बर्निनाचा हा घाट १९१० साली पुरा झाला, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा तीन वर्षांनी धाकटा. पण ही धाकटी २२५३ मीटरवर चढते, तेही चढावर पकड देणाऱ्या दातेरी रुळाशिवाय, आणि पलीकडे उतरताना ब्रुझिओला एका गोल पुलावरून स्वतःभोवतीच फेरा घालून स्वतःच्याच कमानीखालून निघते.

आणि टीसी आला! "आल्लेग्रा," म्हणाला. त्या खोऱ्यातला नमस्कार म्हणे. बत्तीस वर्षांच्या सवयीने माझा हात वरच्या खिशाकडे गेला आणि मी म्हणालो, "पास." तो थांबून राहिला. मोबाइल हिच्या पर्समध्ये, पर्स बॅगेत, बॅग वर. कोड दाखवला, त्याने पासपोर्टही मागितला, कारण पासावरचं नाव आणि माणूस एकच हवा. पासपोर्ट दुसऱ्या बॅगेत. तेवढ्यात बाहेरून एक हिमनदी निघून गेली, ती त्याच्या खांद्यामागे अर्धीच दिसली. पण पास बघितला गेला. म्युनिकची बोच तिथे भरून आली.

पुढच्या स्टेशनावर काठ्या घेतलेला एक गिर्यारोहक आजोबा चढला. बाकावर आम्ही दोघं. मी आपोआप सरकलो, हिला खिडकीकडे दाबलं आणि कडेची वीतभर जागा त्याला थोपटून दाखवली. तो गोड हसला आणि उभाच राहिला.

"अहो, इथे चौथी सीट नसते," ही खिडकीला चिकटून म्हणाली. सकाळपासूनचं तिचं पहिलं पूर्ण वाक्य.

तिरानोहून मिलानची गाडीही बिनआरक्षणाची. रविवार संध्याकाळ. कोमो सरोवराच्या काठाकाठाने जाता जाता प्रत्येक गावात माणसं चढत गेली. वारेन्नाला दार बंद होईना. लेकोला मी उठून एका लेकुरवाळीला जागा दिली, हीही उठली. मग कोपर, पाठीवरची सॅक, कुणाचा तरी ओला टॉवेल, असं सगळं यथास्थित झालं. मोबाइल तीन टक्क्यांवर, कोड विझलेला, आणि टीसी येणं शक्यच नव्हतं. मला इतकं बरं त्या महिन्यात कुठेच वाटलं नव्हतं. ही कडीला धरून उभी होती आणि माझ्याकडे बघून हसत होती. पॅरिसचा विषय निघाला नाही.

मोंझा जवळ आलं तशी मागून एकाने माझ्या खांद्यावर टकटक केली. घामाघूम, हातात छत्री.

"शेंदे?"

"नाही, नाही," मी म्हणालो. "कुलकर्णी."

तो गोंधळला. पुन्हा, दाराकडे बोट करून, "शेंदे?"

"नो शिंदे. कुलकर्णी. डोंबिवली."

"अहो, सरका," ही म्हणाली. "उतरणार का विचारतोय तो."