मालिकेत गेली म्हणजे वाया गेली?

कॉलेजच्या नाटकवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. आमच्यातली एक जण एकांकिका उत्तम लिहायची, आता रोजची मालिका लिहिते. तर ग्रुपचा निकाल असा की बाई वाया गेली, मालिका म्हणजे नुसत्या पाट्या टाकणं. इथे अमेरिकेत, हॉलिवुडजवळच्या बरबँकमध्ये राहून मला हे वाचवत नाही.

जोन हॅरिसनचं नाव यातल्या किती जणांनी ऐकलंय? इंग्लंडातल्या गिल्डफर्डची मुलगी. 1933 साली रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉककडे सेक्रेटरी म्हणून लागली, हळूहळू पटकथांत शिरली आणि 1939 मध्ये हिचकॉक कुटुंबाबरोबर हॉलिवुडला आली. 'रिबेका' आणि 'फॉरेन करस्पॉन्डन्ट', दोन्हींच्या सहलेखनासाठी एकाच वर्षी ऑस्कर नामांकन! मग 'फँटम लेडी' या चित्रपटाची निर्माती झाली. आणि 1955 मध्ये टीव्हीवर गेली. वाया गेली का?

तिथली तिची मालिका 'आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स', तिचे अडीचशेहून जास्त भाग झाले. त्यातले हिचकॉकने स्वतः दिग्दर्शित केले फक्त 17. कथा हुडकणं, लेखक-दिग्दर्शक जुळवणं हा गाडा जोनबाईंनी ओढला, पुढे निर्माता नॉर्मन लॉईडच्या साथीने. जाहिराती धरून अर्ध्या तासात खून, संशय आणि शेवटचा धक्का बसवायचा. पाट्या टाकून होतं हे?

परवा मैत्रिणीच्या मालिकेत सून घर सोडून निघते आणि सासू एवढंच म्हणते, "जाताना दूध उतरव." हे वाक्य एकांकिकेत असतं तर याच लोकांनी डोक्यावर घेतलं असतं.

2023 मध्ये इथले लेखक 148 दिवस संपावर होते. सिनेमावाले, टीव्हीवाले, सगळे एकाच गिल्डचे, म्हणजे लेखक संघटनेचे. इथल्या स्टुडिओसमोरच्या ऑलिव्ह अव्हेन्यूवर फलक घेऊन एका रांगेत चालायचे, आम्ही हॉर्न वाजवत पुढे जायचो. तिथे कोण वरचा, कोण खालचा?

हे लिहिलं तर ग्रुपवर उत्तर आलं, "तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस." लागलं मला. माझ्या ऑफिसात कोणाला माहीत नाही की मी कधी लिहायचे. या ग्रुपवर भांडते तेवढ्यापुरतीच मी लेखिका असते. रोज लिहिणारी ती वाया गेली असेल, तर लिहिणं सोडून आलेली मी कोण?

भांडायचंच तर तिला उद्याच्या शूटिंगचा भाग आज रात्री का लिहावा लागतो, यावर भांडा. मी आहे तुमच्याबरोबर.