आहेत तेवढे टिकवू

पुरुषाला टक्कल पडायला लागलं की घरचे आधी उपचार शोधत नाहीत, खापर फोडायला डोकं शोधतात. आमच्याकडे आई म्हणते, "हे तुमच्या घराण्यातलं." बाबा वर्तमानपत्राआडून म्हणतात, "तुझ्या भावाकडे बघ आधी. मुलगा मामाच्या वळणावर जातो." मामाच्या डोक्यावर काहीच नाही आणि बाबांच्या डोक्यावर या कानापासून त्या कानापर्यंत मागून फिरलेली झालर तेवढी आहे, त्यामुळे पुरावा दोन्हीकडे भक्कम. त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी सांगितलं की यातलं एक महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणजे मुलाला ते आईकडूनच मिळतं. पण बाकीची कितीतरी जनुकं दोन्हीकडून येतात. बाबांनी पहिला भाग लक्षात ठेवला, आईने दुसरा. खटला चालू आहे.

तोवर डीएचटी नावाचं संप्रेरक आपलं काम उरकत होतं. टेस्टोस्टेरॉनपासूनच ते तयार होतं, आणि कपाळाच्या वरची नि टाळूवरची मुळं त्यापुढे हात टेकतात. दर फेरीला केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतो, शेवटी नुसती लव उरते. म्हणजे टक्कल पडायला पुरुषी संप्रेरकच कारण! हे मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. कोणी मान वर केली नाही.

तेलांचं थोडक्यात आटोपतो. आत्याने लोखंडी कढईत माका, ब्राह्मी, जास्वंद आणि वडाच्या पारंब्या उकळून बाटली पाठवली. मालिश केल्यावर झोप फर्मास लागायची. उशीचे अभ्रे अजून हिरवे आहेत. पण डीएचटीला जास्वंदीचं काही सोयरसुतक नाही. कांद्याचा रसही लावून पाहिला. तेव्हा ऐन गर्दीच्या डोंबिवली लोकलमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. एवढा गुण मात्र आला.

डॉक्टरबाईंनी लिहून दिलं मिनॉक्सिडिल. हे मुळात रक्तदाबाचं औषध. त्याच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या गालांवर, हातांवर केस उगवायला लागले, तेव्हा ते डोक्याला लावून बघायचं सुचलं, आणि 1988 मध्ये अमेरिकेत टकलावरचं औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली. हे ऐकल्यापासून बाबा स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्यांकडे फसवणूक झाल्यासारखे बघतात.

सकाळ-संध्याकाळ एकेक मिली, कोरड्या टाळूवर, ड्रॉपरने. थेंब टाळूवर थांबेल तर शपथ. तो भांगातून घरंगळत थेट भुवईकडे निघतो, आणि आपण आरशासमोर एका बोटाने त्याची वाट अडवून उभे. पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्तच गळायला लागले. भरलेल्या कंगव्याचा फोटो डॉक्टरबाईंना पाठवला. उत्तर आलं, "छान! लागू पडतंय." जुने केस जागा सोडतात, मग नवे येतात म्हणे. फरक दिसायला चार ते सहा महिने, आणि लावणं बंद केलं की मिळवलेलं सगळं काही महिन्यांत परत. शिवाय मांजरांना हे औषध विषारी असतं. म्हणून आमच्या बोक्याला माझ्या उशीवरून बाहेरच्या खोलीत हलवावं लागलं. शेपटीच्या टोकापर्यंत इंचभर जागा मोकळी नाही त्याच्या अंगावर, आणि माझ्या डोक्यापायी त्याला हद्दपारी!

मध्यंतरी प्रत्यारोपणाचीही चौकशी केली. क्लिनिकमध्ये डॉक्टर काही दिसले नाहीत. सूटबूट घातलेल्या एका काउन्सेलरने मार्करने माझ्या कपाळावर रेघ ओढली आणि ग्राफ्टचा, म्हणजे मुळासकट उचलून लावायच्या केसांच्या एकेका पुंजक्याचा, भाव सांगितला. ऑफर संध्याकाळपर्यंतच होती. विद्या खोटी नाही. मागच्या केसांना डीएचटी सहसा शिवत नाही, आणि ते उचलून पुढे लावले तरी तो गुण सोडत नाहीत; कोकणातला माणूस मुंबईत आला म्हणून मासळी सोडतो का? पण मागचा साठा मोजका, आणि हे काम प्रशिक्षित डॉक्टरने करायचं, मार्करवाल्याने नव्हे. शिवाय लावलेले केस टिकले तरी मधले मूळचे गळतच राहतात. ते सांभाळायला गोळी लागतेच. मी रेघ तशीच घेऊन रिक्षाने घरी आलो. मार्कर पक्का होता.

तर गोळी. फिनॅस्टेराइड. पाच मिलिग्रॅमची प्रोस्टेटसाठी, एक मिलिग्रॅमची केसांसाठी. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी होऊ देत नाही. काहींची कामेच्छा कमी होते, काहींचं मन उदास राहतं, तसं जाणवलं तर लगेच सांगा, असं डॉक्टरबाईंनी दार लावून, हलक्या आवाजात समजावलं. हेच सगळं केमिस्टने काउंटरवरून मागच्या रांगेला ऐकवलं. "केस येतील ना?" असं मी विचारलं होतं. त्यावर बाई म्हणाल्या, "आहेत तेवढे टिकवू. वर काही आले तर बोनस." या अख्ख्या प्रकरणात मला भेटलेलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य.

फक्त रक्तदानाचं तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. गणपतीत आमच्या मंडळाचं शिबिर असतं. फॉर्म भरून घेणाऱ्या मुलीने विचारलं, "काही औषधं चालू?"

"एक गोळी. केसांची."

तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं. "सुरू करायची असेल तर आधी रक्त देऊन टाका, काका."

"कधीच सुरू केलीय."

मग तिने फॉर्म मिटला. ही गोळी थांबवून महिना झाल्याशिवाय रक्त घेत नाहीत. ते गरोदर बाईला चढलं तर पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असतो. नियम शंभर टक्के रास्त. पण तो तिने खणखणीत आवाजात सांगितला, आणि अध्यक्ष पावतीपुस्तक घेऊनच धावत आले.

"काय हे साहेब! दरवर्षी तुमची एक बाटली धरलेली असते. आता वर्गणी कितीची फाडू?"