राग म्हणजे गोळी नव्हे

इंदूरच्या मराठी घरांमधून सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. दरबारी कानडा राग ऐकला की रक्तदाब उतरतो, ४३२ हर्ट्झ या ठरावीक उंचीला लावलेल्या सुरांनी फुप्फुसं बरी होतात, मैफलीला जायची गरज नाही, मोबाइल पुरतो. आणि सुरांना भाषा नसल्यामुळे संस्कृती आपोआप जुळतात. गाण्यावर जीव आहे, म्हणूनच हे मुकाट्याने पुढे पाठवणं मला जमत नाही.

आधी फुप्फुसं. इथून जवळच देवास आहे. कुमार गंधर्व १९४८मध्ये तिथे आले ते क्षय घेऊन. रागांची त्यांच्याइतकी जाण कितीजणांना असेल? तरी डॉक्टरांनी त्यांचं गाणंच बंद केलं होतं. १९५२मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सुरू झालं, भानुमतीबाईंनी जिवापाड शुश्रूषा केली, तेव्हा ते उठले. एक फुप्फुस निकामी झालं ते झालंच. क्षयाचं औषध मध्येच सोडलं तर जंतू त्याला जुमानेनासे होतात. असल्या मेसेजवर विसंबून कुणी गोळ्या थांबवल्या तर?

४३२चं तर आपल्या गाण्यात काही चालतच नाही. आपला षड्ज, म्हणजे ‘सा’, एका उंचीला ठरलेला नसतो. पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर कुणी काळी एकला गातं, कुणी काळी चारला. तंबोरा गळ्याप्रमाणे लागतो.

रक्तदाबाच्या दाव्यात खऱ्याचा अंश आहे. संगीताने शस्त्रक्रियेआधीची धास्ती कमी होते, याला अभ्यासांचा आधार आहे. पक्षाघाताने वाचा गेलेल्या काही रुग्णांकडून शब्द चालीवर म्हणवून घेतात. पार्किन्सनच्या रुग्णांना ठेक्यावर पाऊल टाकणं सोपं जातं. पण अमुक रोगावर अमुक राग असा तक्ता कुणी सिद्ध केलेला नाही.

आणि संस्कृती आपोआप जुळतात? कुमारजी जन्माने बेळगावकडचे, तालीम मुंबईत देवधर मास्तरांकडे. देवासच्या आजारपणात माळव्यातल्या बायकांची गाणी, नाथपंथी भजनं त्यांच्या कानावर पडली. ती त्यांनी मन लावून गोळा केली, त्या धुनांतून धुनउगम राग बांधले, माळवी बोलीत बंदिशी रचल्या. बोली आत्मसात केली, तेव्हा कुठे माळवा त्यांच्या गाण्यात उतरला. ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणली, तीसुद्धा गुरूच्या दारी राबून. यातलं काहीच आपोआप झालेलं नाही.

राहिला मोबाइल. एकट्याने ऐकण्यातही सुख आहे, ते मी नाकारत नाही. पण मैफलीत समोरून ‘क्या बात है’ आलं की गवई ती जागा पुन्हा घेतो, निराळी घेतो. तबलजी त्याच्याकडे बघून ठेका सांभाळतो. रुग्णाच्या उशाशी बसून गाणारा जाणकारही श्वास जड झालेला दिसला की लय उतरवतो, डोळे मिटले की आवाज बारीक करतो, नकोसं झालं तर थांबतो. मोबाइलला समोरचा माणूस दिसत नाही.