काळ्या रानात रुंद टायर: अंबाजोगाईच्या वाचकाला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोन-तीनदा वाचली. चार ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असा विषय नाही हा, म्हणून सविस्तर लिहितो.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. तुमच्या जुन्या रॉयल एनफिल्ड हिमालयन 411 मोटारसायकलचा मागचा 120/90-17 टायर (पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, शेवटचा रिमचा व्यास इंचांत) काढून तुम्ही 140/80-17 बसवलाय आणि लातूर रोडला गाडी एकदम ठाम चालते. मी मागच्या लेखात ‘मागचा रुंद टायर म्हणजे निव्वळ देखावा’ असं लिहिलं, ते तुम्हाला लागलं. तुम्ही म्हणता, रुंदी वाढली की जास्त रबर जमिनीला टेकतं, म्हणून पकड वाढते. चिखलात रुंद चाक रुतत नाही, नाहीतर ट्रॅक्टरला तसले टायर कशाला दिले असते? नव्या हिमालयन 450 ला तर कंपनीच 140 देते. आणि शेवटी विचारलंय, आता पुढचाही रुंद करू का?

‘निव्वळ देखावा’ हे शब्द मी मागे घेतो. ते अन्यायाचं होतं. गंगाखेडच्या बाजूला गोदावरीच्या कोरड्या पात्रातल्या वाळूत मागचा रुंद टायर हवा कमी करून चालवला तर गाडी खरोखर वर तरंगते, बारीक टायर तिथं खड्डा करत बसतो. डांबरावर सामान लादून लांब जायचं असेल तरी रुंद टायरला ठामपणा आहे. पण तुमचा पहिला मुद्दा, रुंदी म्हणजे जास्त रबर, तो बरोबर नाही. बहुतेकांची गल्लत इथंच होते.

हवेचा टायर गाडीचं वजन मुख्यतः आतल्या हवेच्या जोरावर पेलतो. म्हणून जमिनीला किती टायर टेकणार हे ढोबळमानानं दोन गोष्टी ठरवतात: चाकावरचा भार आणि आतला दाब. समजा तुम्ही बसल्यावर मागच्या चाकावर 160 किलो भार येतो. 28 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) म्हणजे चौरस सेंटीमीटरला जवळपास 2 किलो. म्हणजे टेकणारी जागा झाली साधारण 80 चौरस सेंटीमीटर, मग टायर 120 असो की 140. बदलतो तो त्या जागेचा आकार. बारीक टायरचा ठसा लांबट पडतो, रुंद टायरचा आखूड आणि पसरट. आता तोच टायर 18 पीएसआयवर आणा, तीच जागा सव्वाशे चौरस सेंटीमीटरच्या घरात जाते. टायरची भिंत कडक असेल तर आकडे थोडे इकडे-तिकडे होतील, पण हिशोब हाच. नवीन टायरला हजारो रुपये घालून जे मिळत नाही, ते व्हॉल्व्हची टोपी काढून फुकट मिळतं.

जुन्या बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असायची. तिला दबणं माहीत नाही, म्हणून ती ओल्या रानात खोल रुतायची. टायरगाडी आली आणि त्याच बैलांना तेच ओझं हलकं वाटायला लागलं. त्यात चाकाच्या रुंदीचा वाटा होताच, पण रबर दबतं, पसरतं, हा मोठा फरक होता.

आता चिखल. तुम्ही अंबाजोगाईचे, म्हणजे काळी माती काय करते हे मी तुम्हाला सांगायला नको. ही माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. मृगाच्या दोन पावसांनंतर, वाफसा यायच्या आधी पाणंदीत गाडी घातली की टायर गोल राहतच नाही, मातीचा गड्डा होतो. मी स्वतः एक पावसाळा 140 वर काढलाय. केज-धारूर पट्ट्यातल्या एका शिवरस्त्यावर टायर आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) यांच्यामध्ये माती अशी दाबून बसली की पहिल्या गिअरला इंजिन बंद पडायचं, पण चाक फिरेना. बाभळीच्या काटकीनं माती उकरायची, पन्नास पावलं जायचं, पुन्हा उकरायची. अर्धा किलोमीटर काढायला दीड तास गेला. सोबतच्या मित्राची हिमालयन 120 वर होती. त्यालाही त्रास झाला, पण तो माझ्या कितीतरी आधी डांबराला लागला. दोघांच्या टायरची नक्षी जवळपास सारखीच होती. फरक होता तो दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेचा. रुंद टायर माती जास्त उचलतो आणि ती झटकायला जागा कमी ठेवतो.

ट्रॅक्टरचं उदाहरण तुम्ही छान दिलंत, पण अर्धंच दिलंत. मागची चाकं रुंद आणि मोठी, कारण ओढायचं काम त्यांचं. पुढची बघा: बारीक, आणि मधून उभ्या धारा. वळवायचं काम त्यांचं, म्हणून ती मातीत थोडी घुसून धरायला हवीत. शिवाय कापसात, उसात आंतरमशागत करायची तर लोक मागंही बारीक टायर चढवतात. काम बदललं की चाक बदलतं.

वळण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या रस्त्यांवर रुंद टायर खरा अडतो तो चाकोरीत. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांनी पावसाळ्याच्या शेवटाला पाडलेली चाकोरी मार्गशीर्षात विटेसारखी कडक होते. बारीक चाक तिच्या तळाशी बसून चालतं. रुंद चाकाची कड भिंतीला घासते, भिंतीवर चढायला बघते आणि हँडल हातातून हिसकल्यासारखं होतं. दुसरं म्हणजे, टायर रुंद असला की तीच वळणं त्याच वेगानं घ्यायला गाडी थोडी जास्त झुकवावी लागते, कारण झुकल्यावर जमिनीला टेकणारी जागा मधल्या रेषेपासून लांब सरकते. डांबरावर हे जाणवत नाही. बालाघाटच्या सैल मुरमाच्या उतारावर गाडी जास्त झुकवणं म्हणजे पडायला आमंत्रण.

नव्या 450 ला 140 आहे, बरोबर. पण तिचं इंजिन 40 पीएस (अश्वशक्ती) ताकदीचं, तुमच्या-माझ्या 411 चं साधारण 24 चं. तिचा स्विंगआर्म आणि रिम त्या मापासाठीच घडवलेत. जुन्या रिमवर रुंद टायर बसवला की त्याच्या दोन्ही भिंती आत ओढल्या जातात आणि मधला भाग फुगतो. बाजूला 140 लिहिलेलं असतं, पण सरळ चालताना टेकतो तो मधला उंचवटा. मला टायर बसवून देणाऱ्या दुकानदारानं यातलं काहीच सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. तुमचा टायर मधून लवकर झिजतोय का, एकदा बघा. चेन आणि टायरमध्ये बोट जातंय का, तेही बघा. जात नसेल तर लातूर रोडला कितीही ठाम वाटलं तरी तो आजच उतरवा.

आता पुढच्या चाकाचं. त्याच 450 कडे पुन्हा बघा. कंपनीनं मागचा टायर रुंद केला, इंजिन दीडपटीहून जास्त ताकदीचं केलं, पण पुढं 411 चाच 90/90-21 ठेवला. खडतर वाटांवरच्या स्पर्धेच्या एन्ड्युरो गाड्यांतही मागं 140 दिसतो आणि पुढं 21 इंचाचं बारीक चाकच असतं. मोठ्या व्यासाचं चाक दगडावरून सहज चढतं, बारीक असल्यानं सैल थर कापून खालच्या टणक जमिनीला लागतं आणि हँडलला दिशा देतं. ते रुंद केलंत तर ते पुढं माती ढकलत राहील आणि तुम्ही वळवाल तिकडं गाडी जाणार नाही. पुढचा बदलू नका.

बदलायचाच असेल तर नक्षी बदला. काळ्या मातीसाठी नक्षीतल्या रबरी गट्ट्यांमध्ये जास्त अंतर असलेला टायर घ्या, 120/90 मध्येच घ्या. डांबर सोडल्यावर पुढं 18-20, मागं 20-22 पीएसआयवर या, परत डांबराला लागायच्या आधी हवा भरा. आपल्या गाड्यांना ट्यूब आहे, त्यामुळं याच्या फार खाली जाऊ नका, दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटून फाटते. हवेचा मीटर आणि हातपंप सोबत ठेवा.

माझा 120 चा जुना टायर घरी पडून आहे, गट्टे अजून अर्धे शिल्लक आहेत. अंबाजोगाई लांब नाही. हवा असेल तर सांगा, पहिल्या पावसाच्या आत आणून देतो. एक पाणंद त्यावर चालवा, तीच तुमच्या 140 वर चालवा आणि काय झालं ते इथंच लिहा. माझ्याविरुद्ध गेलं तरी तुमचं म्हणणं मी मूळ लेखात वर घेईन.